एक दिवा, चार इलाज: इनटेक बदलल्यानंतरच्या सल्ल्यांची समीक्षा

२०२५ च्या मार्चमध्ये माझ्या मामेभावानं, म्हणजे आमच्या दादानं, गाडीला बाहेरचा एअर इनटेक बसवून घेतला. तो राहतो बोरिवलीला, नोकरी अंधेरीला, म्हणजे रोज वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे. कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा फिल्टर बॉक्स निघाला आणि त्याजागी चकचकीत अॅल्युमिनियमचा पाइप आला, टोकाला लाल कापडी कोन फिल्टर. आवाज भारी यायला लागला. तीन आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा लागला. सिग्नलला आयडलिंग वरखाली व्हायचं, एकदा तर जोगेश्वरीला गाडी चक्क बंद पडली आणि मागच्या बेस्टवाल्यानं जे काय ऐकवायचं ते ऐकवलं.

जूनपर्यंत चार दुरुस्त्या झाल्या. आधी एअर फ्लो सेन्सर स्प्रे मारून साफ केला. मग स्पार्क प्लग बदलले. मग ऑक्सिजन सेन्सर बदलला. शेवटी थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ केले. चारही वेळा गाडी बरी झाली, आणि चारही वेळा तीन-चार दिवसांनी दिवा परत लागला. सगळे मिळून साडेअकरा हजार गेले.

गॅरेजवाल्याची चेष्टा करायला मी हे लिहीत नाहीये. माणूस प्रामाणिक आहे, प्रत्येक जुना पार्ट त्यानं दादाच्या हातात दिला. मला समीक्षा करायची आहे ती सल्ल्याच्या एका प्रकाराची. 'इनटेक बदलल्यावर इंजिन त्रास देतंय? हे दहा उपाय करून बघा' हा तो प्रकार. व्हिडिओंत तो आहे, गॅरेजात आहे, आणि जरा इस्त्रीचे कपडे घालून तो इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत आणि छोट्या-मोठ्या जर्नलांतही आहे. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर लिटरेचर रिव्ह्यू करताना हा प्रकार तुम्हाला पावलोपावली भेटणार. ओळखता आला पाहिजे.

आधी दिवा काय म्हणत होता ते बघू. स्कॅनरवर कोड होता पी०१७१, म्हणजे 'मिश्रण लीन'. लोकांचा समज असा की कोड बिघडलेल्या पार्टचं नाव सांगतो. तो तसं काही सांगत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आत किती हवा आली ते मोजतो आणि त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. जळल्यानंतर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला सांगतो की पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं. कमी पडत असेल तर तो थोडं वाढवतो. ह्या वाढवण्या-घटवण्याच्या टक्केवारीला फ्युएल ट्रिम म्हणतात. एक ट्रिम क्षणोक्षणी बदलणारा, दुसरा हळूहळू शिकून लक्षात ठेवलेला. दोन्हींची बेरीज ठरावीक मर्यादेबाहेर गेली (मर्यादा कंपनीनुसार वेगळी, पण अनेक गाड्यांत साधारण २० ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यात) आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत तेच घडलं, की दिवा लागतो. थोडक्यात, कोडचा अर्थ एवढाच: 'मी इतका वेळ सांभाळून घेत होतो, आता माझ्या हाताबाहेर गेलं.' कोण चुकलं हे त्याला ठाऊक नसतं.

आता गंमत बघा. प्रत्येक दुरुस्तीनंतर गॅरेजमध्ये काय करायचे? पार्ट बदलायचे आणि स्कॅनर लावून कोड पुसायचे. एकदा तर बॅटरीचं टर्मिनलच काढून ठेवलं होतं. कोड पुसला की बऱ्याच गाड्यांत शिकलेला ट्रिमही शून्यावर जातो. तो पुन्हा शिकायला आणि मर्यादा ओलांडून दोन फेऱ्या व्हायला तीन-चार दिवस लागतात. म्हणजे प्लग बदलोत की नारळ फोडोत, तीन-चार दिवस दिवा लागणारच नव्हता! चारही इलाजांत एक औषध समान होतं, आणि ते कुणी औषध म्हणून मोजलंच नाही.

आपण पाठ्यपुस्तकात 'कन्फाउंडिंग' शिकतो तेव्हा उदाहरण बहुधा आइस्क्रीम आणि बुडणाऱ्या माणसांचं असतं. मला हे उदाहरण जास्त आवडतं, कारण इथे गोंधळ घालणारा घटक निसर्गातून आलेला नाही, तपासणाऱ्यानं स्वतःच्या हातानं प्रत्येक वेळी मिसळला आहे. आणि त्याच हातानं पुरावाही पुसला. दिवा लागला त्या क्षणी किती आरपीएम होते, इंजिन किती गरम होतं, ट्रिम किती होता, ह्याची नोंद ईसीयू ठेवतो. 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात तिला. कोड पुसला की तीही जाते. दहा उपायांच्या यादीत 'आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा' हा उपाय मी अजून तरी वाचलेला नाही.

मी जूनमध्ये मामीकडे जेवायला गेले तेव्हा दादानं पाचव्या दुरुस्तीचा बेत सांगितला: पेट्रोल पंप बदलायचा. मी म्हटलं, "दादा, एक काम कर. काहीच बदलू नकोस. नुसता कोड पूस." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की पीएचडीला सहा वर्षं का लागतात ते आज कळलं. पण पुसला. गाडी 'बरी' झाली. चौथ्या दिवशी दिवा आला. साडेअकरा हजारांनी जे शिकवलं नाही ते ह्या फुकटच्या प्रयोगानं शिकवलं: आधीच्या चार यशांची किंमत शून्य.

यादीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. ती मूर्खपणाची नसते. दिवसाला वीस गाड्या बघणारा माणूस जे जास्त वेळा आढळतं आणि स्वस्तात होतं ते आधी करतो. संभाव्यतेच्या भाषेत, त्याच्याकडे अनुभवातून आलेला चांगला पूर्वअंदाज असतो. पण तो अंदाज कुठल्या गाड्यांवरून आलाय? ज्यांना कुणी हात लावलेला नाही अशा. मळलेला सेन्सर, थकलेला पंप, तडकलेली व्हॅक्यूमची नळी ही म्हाताऱ्या गाडीच्या दुखण्यांची क्रमवारी आहे. ज्या गाडीचा श्वासमार्ग गेल्या महिन्यात कापून नवा लावलाय, तिला ती लागू करणं म्हणजे एका लोकसंख्येचा नमुना दुसऱ्या लोकसंख्येवर चिकटवणं.

व्हिडिओंचा दोष वेगळा. तिथे बोलणारा बहुतेक वेळा सांगतच नाही की त्याची गाडी हवा मोजते कशी. काही गाड्यांत एमएएफ सेन्सर असतो: हवेच्या वाटेत एक तापलेली तार किंवा पातळ पट्टी, हवा जितकी जोरात तितकी ती थंड होते, त्यावरून वजन काढायचं. काहींत एमएपी सेन्सर असतो: तो थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, हवेचं तापमान घेतो आणि हिशेबानं हवा ठरवतो. फिल्टरचा पाइप रुंद झाला तर दुसऱ्या प्रकाराला फारसा फरक पडत नाही. तिथे हवेच्या तापमानाचा सेन्सर लावायचा राहिला किंवा गरम जागी आला तर हिशेब बिघडतो. पहिल्या प्रकारात मात्र पाइप हाच मोजमापाचा भाग आहे. एकाच्या गाडीत 'काहीच झालं नाही' हा अनुभव दुसऱ्याच्या गाडीला लागू होईलच असं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

दादाच्या गाडीत एमएएफ होता. तेव्हा आमच्यासमोर तीन संशयित उरले, आणि तिसरा माझा लाडका.

पहिला: गळती. इंजिनच्या क्रँककेसला ताजी हवा पुरवणारी एक नळी फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या भागातून निघते. नव्या पाइपला तिच्यासाठी नीट तोंड नसेल आणि ती उघडी राहिली, तर न मोजलेली हवा थेट मॅनिफोल्डपर्यंत पोचते. दुसरा: पाइपचा व्यास. एमएएफ खरं तर त्याच्याजवळून जाणाऱ्या हवेचा वेग बघतो. ईसीयूतला तक्ता कंपनीच्या घराच्या व्यासासाठी बनवलेला असतो. रुंद नळीत तीच हवा हळू वाहते, सेन्सरला कमी वाटते, पेट्रोल कमी पडतं. (कापडी फिल्टरचं तेल जास्त झालं आणि त्याचा थर तारेवर बसला तरी साधारण असंच होतं.) तिसरा: पेट्रोल. आपल्याकडे देशभर १० टक्के इथेनॉलचं लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठलं गेलं, आणि २०२५ पर्यंत २० टक्के आलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी आणि तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला साधारण १३.५. ई१० धरून जुळवलेल्या गाडीत ई२० भरलं की ट्रिम चारेक टक्के वर जाणार. वेळही जुळत होती. शिवाय माझं काम इंधनाच्या ज्वलनावर, त्यामुळे मला सगळीकडे इंधनच दिसतं. मी दादाला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "पेट्रोलच आहे."

इथे थांबून एक गोष्ट विचारायची सवय लावा: मी जी चाचणी करणार आहे, तिचा निकाल ह्या तीन शक्यतांत वेगवेगळा येईल का? येणार नसेल तर ती चाचणी नुसतं काम केल्याचं समाधान देते. प्लग बदलणं तसलंच होतं. तिघांपैकी कुणीही गुन्हेगार असला तरी प्लग बदलून ट्रिम हलणार नव्हता.

गळतीची चूक बेरजेची असते. समजा आयडलिंगला इंजिन सेकंदाला अडीच ग्रॅम हवा ओढतंय आणि अर्धा ग्रॅम चोरून येतेय, तर ती वीस टक्के झाली. २५०० आरपीएमला एकूण हवा दहा ग्रॅमच्या आसपास गेली की तोच अर्धा ग्रॅम पाच टक्के. म्हणजे ट्रिम आयडलिंगला मोठा आणि वर गेल्यावर लहान दिसला पाहिजे. व्यासाची आणि इंधनाची चूक गुणाकाराची. ती दोन्हीकडे जवळपास सारखी दिसेल. आम्ही मोबाइलला जोडायचा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावला. आयडलिंगला २३, २५०० ला २४. गळती बाद. ह्याला पाच मिनिटं लागली.

व्यास की इंधन, हे ठरवायला कंपनीचा बॉक्स परत लावायचा होता. तो बोरिवलीच्या माळ्यावर होता, दिवाळीच्या कंदिलामागे. लावायच्या आधी मी व्हर्नियरनं दोन्हीकडचा, सेन्सर बसतो तिथला आतला व्यास मोजला: जुना ६० मिलिमीटर, नवा ६५. क्षेत्रफळाचं गुणोत्तर व्यासाच्या वर्गात, म्हणजे खरी हवा सेन्सरच्या आकड्यापेक्षा सतरा टक्क्यांनी जास्त असणार होती. वहीत लिहून ठेवलं: व्यास दोषी असेल तर ट्रिम २३ वरून पाचेकवर येईल. पेट्रोल दोषी असेल तर हलणार नाही. निकाल बघायच्या आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण नंतर मी कुठल्याही आकड्याचं स्पष्टीकरण देऊ शकले असते. त्यात मी तरबेज आहे.

बॉक्स लावून तीन दिवस गाडी चालवली. ट्रिम ५. परत इनटेक लावला, तीन दिवस, २३. परत बॉक्स, ५. सेन्सर सगळीकडे तोच होता, त्यामुळे तारेवरच्या तेलाची शक्यताही गेली. माझं लाडकं पेट्रोल फार तर त्या उरलेल्या पाचाचं मालक निघालं. पण त्या पाचाशिवाय दिवा लागलाच नसता कदाचित! सतराला ईसीयूनं निभावून नेलं असतं. दोन लहान कारणं, एकेकटी निरुपद्रवी, गुणाकारानं मर्यादेच्या पार गेली. 'कारण कुठलं?' असं एकवचनात विचारणाऱ्या यादीला हे सापडणार नाही.

ही एक गाडी आहे, हे मला मान्य आहे. तुमच्या गाडीत गळतीच असेल. आकडे उचलू नका.

आता त्या इस्त्रीवाल्या प्रकाराकडे येते. मुळात इनटेक बसवायचा कशासाठी? 'मोकळी हवा, जास्त पिकअप, जास्त अॅव्हरेज.' ह्यावरचे विद्यार्थ्यांचे पेपर मी बरेच वाचले. साचा ठरलेला: सोमवारी मूळ गाडी डायनोवर, मंगळवारी इनटेक लावून, प्रत्येकी एकदा. हवेचं तापमान दिलेलं नाही. परत मूळ स्थितीत आणून मोजलेलं नाही. डायनोवर बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा. जोगेश्वरीच्या जॅममध्ये बॉनेट बंद असतं आणि उघडा कोन फिल्टर इंजिनचीच गरम हवा ओढतो. बाहेर ३२ अंश आणि बॉनेटखाली ६० धरले तर हवेची घनता आठ टक्क्यांनी घटते, म्हणजे पंख्यासमोर कमावलेलं काही असलंच तर ते इथे गेलं. आणि 'चालकाला फरक जाणवला' हे वाक्य तर पुराव्यातून कापूनच टाका. कंपनीच्या बॉक्सचं अर्धं काम आवाज गिळण्याचं असतं. तो काढला की गाडी गर्जते आणि गर्जणारी गाडी वेगवान वाटते. चालकाच्या कानात बोळे घालून केलेला प्रयोग मी पाहिलेला नाही.

ह्याच्या शेजारी ठेवून वाचावा असा एक अहवाल आहे, अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीचा, फेब्रुवारी २००९ चा. प्रश्न साधा: फिल्टर चोक झाला तर पेट्रोल जास्त जातं का? तेव्हा तिथल्या सरकारी सल्ल्यातच लिहिलेलं होतं की चोक फिल्टर बदलला तर अॅव्हरेज १० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. ह्या लोकांनी २००७ ची ब्यूक लुसर्न, २००६ ची डॉज चार्जर आणि २००३ ची टोयोटा कॅमरी घेऊन प्रयोगशाळेत ठरलेल्या ड्रायव्हिंग सायकलवर मोजलं. इंधनखपतीत लक्षणीय फरक नाही. फरक पडला तो पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावरच्या पिकअपमध्ये. कारण नंतर सोपं वाटतं: थ्रॉटल हाच मुळी मुद्दाम घातलेला अडथळा आहे. फिल्टरनं थोडं अडवलं तर चालकाचा पाय नकळत थ्रॉटल थोडा जास्त उघडतो, आणि आत जाणारी हवा तेवढीच राहते. पेट्रोल ईसीयू जुळवून घेतो.

जुना सल्ला मग खोटा होता का? नाही, तो कार्ब्युरेटरच्या काळचा होता. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमिअर पद्मिनी बनत होती तेव्हा तो बरोबरच होता, कारण कार्ब्युरेटरला चूक सांगणारा ऑक्सिजन सेन्सर नव्हता. यंत्र बदललं, वाक्य तसंच राहिलं. पुढे त्या सरकारी सल्ल्यात दोन प्रकारच्या इंजिनांसाठी दोन वेगळी वाक्यं आली. एका अहवालानं एवढं झालं तर मी त्याला यशस्वी संशोधन म्हणेन.

पण त्याचाही वापर जपून करा. अहवाल हवा अडवण्याबद्दल आहे, मोकळी करण्याबद्दल नाही. 'अडवून अॅव्हरेज घटलं नाही, तर मोकळी करून वाढणारही नाही' ही उडी मी मारतेय, ओक रिजनं मारलेली नाही. अर्ध्या थ्रॉटलवर चालणाऱ्या गाडीसाठी तर्क सरळ आहे असं मला वाटतं, तरी उडी ती उडीच. थीसिसमध्ये अशा ठिकाणी 'त्यांनी दाखवलं' आणि 'त्यावरून मी म्हणते' ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

गरम हवेवर व्हिडिओतला उपाय असतो: लांब पाइप घ्या, फिल्टर खाली बंपरमागे न्या, तिथे गार हवा मिळते. कोरड्या प्रदेशातल्या माणसाचा सल्ला म्हणून चुकीचा नाही. मुंबईत तो देणाऱ्यानं अंधेरी सबवे जुलैमध्ये पाहिलेला नसावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते टोकाचं झालं. पण सबवेत किंवा एस. व्ही. रोडवर गुडघाभर पाणी दरवर्षी असतंच. फिल्टर पाण्यात गेला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे ट्रिम बघायला दिवाही उरत नाही. कंपनीनं फिल्टरचं तोंड उंचावर ठेवलेलं असतं ते उगाच नाही. दुकानदारानं दादालाही हा लांब पाइप सुचवला होता. जूनमध्ये!

दादानं शेवटी बॉक्सच ठेवला. दिवा परत आलेला नाही. पण उरलेला पाच मला गप्प बसू देईना, म्हणून त्याच्या नेहमीच्या पंपावरचं पेट्रोल मी लॅबमध्ये नेलं. फ्यूम हूडखाली मोजपात्रात ५० मिली पाणी, त्यात ५० मिली पेट्रोल, हलवून ठेवून दिलं. (घरी करू नका, खरंच.) इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. वीसेक मिनिटांनी रेषा ५९ वर स्थिरावली, म्हणजे ई२० च्या आसपास.

फोटो दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे तुझं पेट्रोलही थोडं खरं होतं." खाली दुसरा मेसेज: "इनटेक माळ्यावर ठेवलाय. आई विचारतेय, भंगारात किती येतील?"